बालरॉगच्या मूर्तीला लाखभर रुपये का मोजायचे?

प्रश्न नाशिकच्या एका पंचविशीतल्या मुलाचा आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बालरॉग या आगीच्या राक्षसाचा एक लिमिटेड एडिशन स्टॅच्यू त्याने हेरून ठेवलाय. किंमत १,२०० डॉलर, एडिशन ६०० नगांची, हातात पडायला दीड वर्ष, आणि बुकिंगची रक्कम परत मिळत नाही. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेझिनची वस्तू इतकी महाग कशी? 'लिमिटेड' आहे म्हणजे पुढे भाव वाढेल ना? आणि घरचे म्हणतात तसा हा पैशाचा चुराडा आहे का?

मी गेली अठरा वर्षं पुण्यात अशा मूर्तींची दुरुस्ती आणि रंगकाम करते. माहेर पेणचं, घरात गणपतीचा कारखाना. साचा, ओतकाम आणि डोळ्यांची आखणी मी शाळेत असतानाच हातांनी शिकले. त्यामुळे किमतीचं उत्तर मी आधी मूर्तीच्या पोटातून देते, बाजाराचं नंतर बोलू.

गेल्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर एक ड्रॅगन आला. डावा पंख मुळापासून तुटलेला. तुटलेली कड भिंगाखाली धरली की मूर्ती कशी बनली ते सगळं वाचता येतं. आतला भाग करड्या-पांढऱ्या फरशीच्या तुकड्यासारखा होता. मधोमध सहा मिलिमीटरची पोलादी सळई, आणि सळईला लागून मोहरीएवढे हवेचे चार बुडबुडे. पंख तिथूनच गेला होता. आणि वर रंगाचे थर: आधी करडा प्रायमर, मग गडद तपकिरी, त्यावर खाचांत उतरवलेला पातळ काळा, मग विटकरी, आणि शेवटी फक्त उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने ओढलेला तांबूस सोनेरी. पाच थर, एका खवल्यावर. असे खवले त्या ड्रॅगनवर हजारोंनी होते. मला तो एक पंख जोडून रंग जुळवायला नऊ दिवस लागले.

आता मटेरियलचं. या मूर्ती बहुतेक 'पॉलिस्टोन'च्या असतात, म्हणजे पॉलियुरेथेन रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळलेली. हाताला गार लागते, वजनदार असते, बारीक कोरीव काम चांगलं पकडते आणि पडली की फुटते. किलोच्या हिशेबाने हे मटेरियल खरंच महाग नाही. तुमची शंका इथपर्यंत बरोबर आहे. पैसा जातो तो साच्यात, हातात, परवान्यात आणि खोक्यात.

साच्याचं आधी सांगते, कारण 'लिमिटेड' या शब्दाचा प्रामाणिक भाग तिथे आहे. आमच्या कारखान्यात रबरी साच्यातून प्लास्टरचा गणपती निघायचा. प्लास्टर साच्याला फारसं छळत नाही. रेझिन छळतं. घट्ट होताना ते तापतं आणि दर वेळी सिलिकॉनचा पृष्ठभाग थोडा थोडा खातं. एका सिलिकॉन साच्यातून साधारण २५ ते ५० चांगले नग निघतात, त्यानंतर कडा बोथट होऊ लागतात आणि साचा टाकून नवा करावा लागतो. बालरॉगसारखी मूर्ती एका साच्यात ओतता येत नाही. शिंगं वेगळी, पंखांचे तुकडे वेगळे, चाबूक वेगळा, बोटंसुद्धा कधीकधी वेगळी. समजा ४० भाग आहेत, एका साच्यातून ४० नग निघतात आणि मूर्ती ६०० करायच्या आहेत. प्रत्येक भागाला १५ साचे, म्हणजे एकूण ६०० साचे झाले. ते करायला, सांभाळायला, त्यांतून निघालेली प्रत्येक शिवण घासायला माणसं लागतात. या उद्योगाचं बहुतेक उत्पादन चीनमध्ये होतं आणि तिथेही हे काम हातानेच होतं. घासकामाला अजून यंत्र नाही.

त्याआधीचा खर्च तर एकच मूर्ती केली तरी तेवढाच असतो. डिझाइन, संगणकावरचं शिल्पकाम, थ्रीडी प्रिंट काढून त्याची सफाई, आणि एक 'पेंट मास्टर', म्हणजे मुख्य रंगकाराने रंगवलेला तो नमुना, ज्याच्याकडे बघून बाकीचे सगळे नग रंगवले जातात. समजा या सगळ्याला ४० लाख लागले. ६०० ऐवजी सोयीसाठी ५०० नग धरा, प्रत्येकाच्या डोक्यावर आठ हजार बसले. २,००० नग काढले असते तर दोन हजारच बसले असते. थोडक्या नगांची मूर्ती महाग असते त्यामागे हे साधं गणित आधी आहे, दुर्मिळता नंतर. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण हिशेब असाच चालतो.

मग परवाना. चित्रपटातलं पात्र करायचं तर हक्कदाराला विक्रीवर टक्केवारी द्यावी लागते, आणि बहुधा एक किमान रक्कम आगाऊ भरावी लागते, मूर्ती खपो न खपो. शिवाय प्रत्येक टप्प्यावर मंजुरी. माणसाचा चेहरा असेल तर कित्येकदा त्या नटाचीही. इथे बालरॉग तुमच्या बाजूने आहे, त्याला नट नाही. मी नवख्या माणसाला पहिला स्टॅच्यू प्राण्याचा किंवा राक्षसाचा घ्यायला सांगते तो याच कारणासाठी. माणसाच्या चेहऱ्यात डोळ्याची रेघ अर्धा मिलिमीटर खाली गेली की ओळखीचा माणूस अनोळखी होतो. राक्षसाच्या चेहऱ्यात तीच चूक खपून जाते.

ही आखणीची गोष्ट थोडी जास्त सांगते, कारण मूर्ती महाग आहे की नाही हे मी शेवटी तिथेच ठरवते. आमच्याकडे गणपतीची आखणी घरातल्या एकाच माणसाकडे असायची, आणि ते करत असताना कोणी मोठ्याने बोलायचं नाही. बुबुळाभोवतीची काळी कड सगळीकडे सारखी जाड ठेवली की नजर मेल्यासारखी होते. वरच्या पापणीखाली ती जाड हवी, खाली जवळजवळ विरलेली. पांढऱ्या भागात शुद्ध पांढरा कधीच नसतो, कोपऱ्यात किंचित गुलाबी, वर पापणीची सावली. आणि शेवटी चमकेचा एक ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला. कंपनीच्या जाहिरातीतला फोटो त्या पेंट मास्टरचा, मुख्य रंगकाराने रंगवलेल्या नमुन्याचा असतो. तुमच्या घरी येणारा नग कारखान्यातल्या दुसऱ्या कोणाच्या हातचा असतो, आणि त्या माणसाला दिवसाला ठरलेले नग पुरे करायचे असतात. त्यामुळे किंमत फोटोची मोजू नका. त्याच कंपनीच्या आधीच्या दोन मूर्ती ज्यांनी घेतल्या त्यांचे खोकं उघडतानाचे व्हिडिओ बघा, आणि जिथे कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो तिथे थांबवून बघा. नमुना आणि नग यांतलं अंतर ज्या कंपनीचं कमी, तिला मी दोनशे डॉलर जास्त द्यायला तयार असते.

बालरॉगला डोळे जवळपास नाहीतच, तिथे निखारे आहेत. म्हणून त्याच्या बाबतीत बघायचं ते पारदर्शक रेझिन. ज्वाळा त्याच्याच केलेल्या असतात. आत बुडबुडे आहेत का, पिवळ्यापासून लालपर्यंत रंग हळूहळू उतरलाय की मध्येच रेघ दिसते, आतला एलईडी ठिपक्यासारखा दिसतो की उजेड पसरतो. ज्वाळा प्लास्टिकच्या वाटल्या की बाकी कितीही कोरलं असलं तरी मूर्ती फिकी पडते.

आता खोक्याचं, कारण भारतातला ग्राहक इथे सगळ्यात जास्त फसतो. माप नीट समजून घ्या. सहा फुटी माणूस १/६ मापात ३० सेंटीमीटरचा होतो, १/४ मापात ४५चा, १/३ मापात ६०चा. कानाला फरक थोडा वाटतो. पण उंची दुप्पट झाली की घनफळ आठपट होतं. १/६ वरून १/४ वर गेलं तरी सव्वातीनपटीच्या वर. रेझिन, साचे आणि खोकं सगळं त्या हिशेबाने वाढतं. आणि विमानाने येणारं कुरिअर वजन आणि जागा यांत जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतं, आणि मूर्तीच्या बाबतीत ती बहुधा जागाच असते. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ७५ × ६० × ५० सेंटीमीटरचं खोकं असेल तर ४५ किलो होतात. आतली मूर्ती थर्माकोलसकट १८ किलोची असली तरी भाडं ४५ किलोचं. पंख पसरलेल्या बालरॉगचं खोकं याहून लहान असण्याची आशा धरू नका. म्हणून बुकिंगआधी विक्रेत्याला खोक्याची मापं विचारा. मूर्तीची उंची पानावर ठळक लिहिलेली असते, खोक्याची मापं शोधावी लागतात.

त्यावर कस्टम. आपल्याकडे खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, चिन्हाची सक्ती आहे. शोभेची मूर्ती हा वेगळा वर्ग आहे, आणि स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या पार्सलचा नियम आणखी वेगळा. त्यामुळे बिलावर विक्रेता वस्तूचं वर्णन काय लिहिणार हे आधीच ईमेलवर विचारून ठेवा. 'टॉय' असा शब्द लिहिला की कस्टम अधिकाऱ्याशी तुम्हाला वाद घालत बसावं लागतं. ती वस्तू खेळणं नाही, प्रौढांसाठीची शोभेची मूर्ती आहे, तर तसंच लिहायला सांगा. दर बजेटगणिक बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या आठवड्यात ताजा दर बघा, आणि वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, धरायला विसरू नका. मात्र किंमत कमी दाखवायला किंवा 'गिफ्ट' लिहायला कुणाला सांगू नका. ते बेकायदा आहे, आणि पार्सल फुटलं तर विम्याचे पैसे त्या लिहिलेल्या किमतीवरच मिळतात. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने असं केलं होतं. ९०० डॉलरची मूर्ती बिलावर शंभराची होती, ती दोन तुकडे होऊन आली, आणि हातात शंभर डॉलर आले.

दुसरा प्रश्न, आकड्याचा. तळाशी '१४३/६००' असं कोरलेलं असतं आणि त्या आकड्याला माणूस भुलतो. मलाही तो आवडतो, खोटं बोलत नाही. पण मर्यादा कोणी, कशासाठी आणि कधी घातली, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. फ्रान्समध्ये ब्राँझ शिल्पाच्या मूळ आवृत्तीला १२ची मर्यादा आहे, ८ क्रमांकाच्या आणि ४ कलाकाराच्या म्हणून ठेवलेल्या, रोमन आकड्यांच्या. फ्रेंच शिल्पकार रोदँने १९१६ मध्ये आपलं काम आणि ओतण्याचे हक्क फ्रेंच सरकारला दिले, आणि त्याचं संग्रहालय आजही या शिस्तीतच नवीन नग काढतं. ही मर्यादा बाहेरून घातलेली आहे, कलाकाराच्या वारसाला ती वाढवता येत नाही. याच्या उलट टोक म्हणजे गेल्या शतकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या शोभेच्या चिनी मातीच्या बशा. त्यांतल्या कित्येकांवर 'मर्यादित आवृत्ती' म्हणून भट्टीचे दिवस लिहिलेले असत, म्हणजे इतके दिवस भट्टी चालेल. त्या दिवसांत बशा किती निघाल्या ते लिहिलेलं नसे.

आपल्या मूर्ती या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतात. ६०० हा आकडा कंपनीनेच ठरवलेला असतो, आणि तो बहुधा किती बुकिंग येईल या अंदाजावर ठरतो. काही वेळा तर बुकिंग संपेपर्यंत आकडा जाहीरच होत नाही, जितकी मागणी तितकी आवृत्ती. आणखी एक जागा बघायची. त्याच मूर्तीची 'एक्स्क्लुझिव्ह' आवृत्ती आहे का? एक जास्तीचं डोकं किंवा वेगळं शस्त्र, आणि वेगळा क्रमांक. समजा साधी ६००, एक्स्क्लुझिव्ह ४००, शिवाय कलाकाराच्या प्रती. म्हणजे जगात त्या बालरॉगची संख्या हजाराच्या वर. तुमच्या तळावर मात्र ६००च लिहिलेलं असणार.

लहान क्रमांकाला जास्त पैसे मोजू नका, हेही इथेच सांगते. ताम्रपटावरून छापलेल्या चित्रांत सुरुवातीच्या प्रती खरोखर ठसठशीत असतात, कारण पट झिजतो. मूर्तीत साचा मध्येच बदलला जातो आणि क्रमांक शेवटी पॅकिंगच्या वेळी लागतो. तीन क्रमांकाची मूर्ती झिजलेल्या साच्यातून आलेली असू शकते आणि ५८० क्रमांकाची नव्या साच्यातून.

भाव वाढेल का? काहींचा वाढतो. माझ्या बघण्यात ज्यांचा टिकला त्यांत तीन गोष्टी होत्या: शिल्प इतकं नेमकं की नंतरच्या कुणाला त्याहून चांगलं करता आलं नाही, पात्रावरचं प्रेम एका सिनेमापुरतं नव्हतं, आणि आवृत्ती खरोखर छोटी होती. तिन्ही एकत्र येणं दुर्मिळ. नेहमी होतं ते असं की चार-पाच वर्षांत दुसऱ्या कंपनीला परवाना मिळतो, मधल्या काळात शिल्पाची साधनं सुधारलेली असतात, आणि नवी मूर्ती जुनीला झाकोळते. बालरॉगच्या मूर्ती २००१ पासून किती कंपन्यांनी काढल्या ते मोजून बघा. तो परत परत येणारच, कारण मागणी आहे.

भावामागे एक पिढी असते, हे मला हुमेल मूर्तींवरून कळलं. जर्मनीतल्या गोबेल कंपनीने १९३५ मध्ये हुमेल नावाच्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या चित्रांवरून लहान मुलांच्या चिनी मातीच्या मूर्ती काढायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी त्या घरी नेल्या आणि अमेरिकेत त्यांचं वेड लागलं. किंमतीची पुस्तकं निघाली, लोकांनी मुलांसाठी ठेव म्हणून जपल्या. ती पिढी म्हातारी झाली, घरं रिकामी झाली, सगळ्यांच्या काचेच्या कपाटांतल्या मूर्ती एकाच वेळी बाजारात आल्या आणि घ्यायला कोणी उरलं नाही. गोबेलने २००८ मध्ये या मूर्तींचं उत्पादन थांबवलं. आता आपला हिशेब करा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशीत आहे, हाताशी पैसा आहे, घरात एक खोली स्वतःची आहे. आजचा भाव त्या पिढीच्या खिशावर उभा आहे. तीस वर्षांनंतर काय, हे कंपनीलाही ठाऊक नाही.

आणि विकायची वेळ आलीच तर भारतात गिऱ्हाईक मोजके. परदेशी पाठवायची तर तेच ४५ किलोचं भाडं, आता उलट दिशेने. वेबसाइटवर लोक मागतात ते भाव बघू नका, प्रत्यक्ष व्यवहार ज्या आकड्याला झाले ते बघा. दोन्हींत फार अंतर असतं. म्हणून मी कुणालाही स्पष्ट सांगते: हा पैसा खर्च झाला असं धरूनच घ्या. गुंतवणुकीसाठी या मूर्ती घेऊ नका.

मग घ्यायची कशाला? इथे मी घरच्यांच्या बाजूने बोलणार नाही.

चित्रपटातल्या बालरॉगला शरीर नव्हतं. तो संगणकात होता. पण त्याआधी न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या वेटा वर्कशॉपमध्ये, माणसांनी त्याला हातांनी शोधलं. ही रिचर्ड टेलर आणि तान्या रॉजर यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली कार्यशाळा. त्या तीन चित्रपटांची चिलखतं, शस्त्रं, राक्षस, किल्ल्यांच्या प्रचंड प्रतिकृती, सगळं तिथे झालं. असे प्राणी आधी मातीत छोटे घडवले जातात, हातात फिरवून बघितले जातात, आणि मग संगणकात जातात. पुढे त्याच कार्यशाळेने संग्राहकांसाठीही मूर्ती काढल्या. म्हणजे मातीतून पडद्यावर गेलेली आकृती परत मातीच्या नात्यातल्या वस्तूत उतरते. चांगल्या फँटसी मूर्तीचं आकर्षण मला तिथे दिसतं. जे कधीच नव्हतं त्याला वजन येतं. तुम्ही त्याच्या मागे जाऊन बघू शकता, आणि सिनेमाने मागची बाजू कधी दाखवलेलीच नसते.

शिल्पकाराला तिथे निर्णय घ्यावा लागतो. बालरॉगला पंख आहेत की नाहीत, यावर मूळ कादंबरीचे वाचक अजून वाद घालतात, कारण मजकूर दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पडद्यावर धूर आणि सावली पुढे करून भागतं. मूर्तीत भागत नाही. धूर कुठे संपतो आणि पंखाचं कातडं कुठे सुरू होतं, ते तिथे सेंटीमीटरमध्ये ठरवावं लागतं. एका चांगल्या बालरॉगची दुरुस्ती करताना मी पाहिलं की पंखाच्या कडेला शिल्पकाराने कातडं मुद्दाम फाटकं ठेवलं होतं, आणि फाटलेल्या कडा धुराच्या वळणाने वळवल्या होत्या. समोरून तो पंख वाटतो, बाजूने धूर. त्या एका निर्णयासाठी मी ती मूर्ती दुरुस्तीनंतरही दोन दिवस टेबलावरून हलवली नाही.

गणपती दहा दिवसांनी विसर्जित होतो, तरी आखणी करताना हात कोणी आखडता घेत नाही. वस्तूवर प्रेम करण्यासाठी तिचा भाव वाढावा लागतो असं मला माझ्या घरात कधी कोणी शिकवलं नाही. तुम्ही त्या बालरॉगसमोर रोज संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहणार असाल तर तो चुराडा नाही. घरात तुमच्याच पगारातून भरायचे हप्ते थकत असतील तर मात्र आईवडिलांचं ऐका, आणि क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर तर कधीच घेऊ नका. अठरा महिन्यांत आयुष्यात बरंच काही बदलतं आणि बुकिंगची रक्कम अडकलेली राहते.

माझा सल्ला विचाराल तर आता बुक करू नका. ६०० नगांच्या महागड्या मूर्ती बऱ्याचदा आल्यानंतरही काही दुकानदारांकडे शिल्लक असतात, आणि तेव्हा तुम्हाला नमुना नाही, खरा नग दिसतो. या दीड वर्षात दर महिन्याला पैसे बाजूला ठेवा. संपल्या, तर संपल्या. पहिला अनुभव म्हणून आधी १/१० किंवा १/६ मापाची एखादी घ्या, ब्राझीलच्या आयर्न स्टुडिओजसारख्या कंपन्या १/१० मापात चांगलं काम करतात. खोकं लहान, भाडं कमी, आणि घरात जागा किती लागते याचा अंदाज येतो.

स्वस्तातल्या नकलेच्या वाटेला जाऊ नका. 'रिकास्ट' म्हणजे विकत घेतलेल्या खऱ्या मूर्तीवरूनच साचा काढून ओतलेली. रेझिन आकसतं म्हणून ती किंचित लहान भरते, खवल्यांच्या कडा गोल झालेल्या असतात, सळई बहुधा नसते. माझ्याकडे अशा येतात तेव्हा मान कललेली असते. शिल्पकाराला त्यातलं काही मिळत नाही, हे मला त्याहून जास्त खुपतं.

आपल्या हवामानाचंही लक्षात ठेवा. नाशिकच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेली पातळ तलवार किंवा चाबूक वाकतो. उन्हात पारदर्शक ज्वाळा काही वर्षांत पिवळट पडतात. आणि कापडाचे किंवा कृत्रिम चामड्याचे कपडे घातलेल्या मूर्ती मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी घेऊच नयेत असं मी सांगते. पाच-सहा पावसाळ्यांत ते चामडं पापुद्रे होऊन गळतं आणि त्याला माझ्याकडे इलाज नाही. कोरलेले कपडे असलेली घ्या. एलईडीचे सेल महिनाभर दिवा लावणार नसाल तर काढून ठेवा, गळलेल्या सेलने संपर्काच्या पट्ट्या खाल्लेल्या मी दर वर्षी बघते.

आणि ज्या दिवशी खोकं येईल त्या दिवशी ते एकट्याने उघडू नका. कुणाला तरी मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्यायला सांगा, पट्टी कापण्याआधी सहाही बाजू दाखवा. थर्माकोलचा वरचा अर्धा सरळ वर उचला, तिरका नको, पंखाची टोकं त्याच्या खाचेत अडकलेली असतात. मूर्ती पायांना आणि कंबरेला धरून काढा, पंखाला किंवा शिंगाला कधीच नाही. पंख बसवताना चुंबकाचा आवाज आला की थांबा, दाबू नका. जागेवर बसत नसेल तर खाचेत रंगाचा थर साचलेला असतो, तो लाकडी टूथपिकने हलकेच खरवडायचा. आणि ते थर्माकोल कितीही जागा खात असलं तरी टाकू नका. त्या ड्रॅगनचा पंख तुटला तो घर बदलताना, चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवला म्हणून.